चेंगरलेली गाडी आणि वाकलेली गाडी

ठोकलेली स्पोर्ट्‌स कार विकायला निघाली की आपण आधी तिचं तोंड बघतो. बोनेट दुमडलेलं, दिवे फुटलेले, बंपर लोंबकळतोय, खाली कूलंटचं थारोळं. बघूनच पोटात गोळा येतो. शेजारी दुसरी उभी असते: दाराखाली हातभर पोचका, मागचं चाक किंचित आत गेल्यासारखं, बाकी चकाचक. किंमत सारखीच असेल तर बहुतेकांचा हात दुसरीवर पडतो. मी बहुधा पहिली उचलीन.

पहिली चेंगरली आहे, दुसरी वाकली आहे. गाडीचं नाक चेंगरण्यासाठीच बनवलेलं असतं. पुढचा-मागचा भाग मऊ आणि मधला पिंजरा कडक, ही कल्पना मर्सिडीजचे अभियंते बेला बारेन्यी यांची. १९५९ साली ती रस्त्यावरच्या गाडीत आली. म्हणजे बंपर, त्यामागची आडवी पट्टी, रेडिएटर, दिवे, मडगार्ड, बोनेट हे सगळं धक्का पिऊन जायचं सामान. बहुतेक गाड्यांत ते बोल्टवर असतं. जुनं सोडा, नवं लावा. खर्च होतो, पण तो आधी मोजता येतो.

दाराखालचा भाग, ज्याला मेकॅनिक सिल म्हणतात, तो मात्र त्या कडक पिंजऱ्याचा हिस्सा. तिथलं पोलाद इतक्या ताकदीचं असतं की गरम करून ओढलं तर ती ताकदच जाते. मग कापायचं, कंपनीने नेमून दिलेल्या जागीच जोडायचं, आणि तेही गाडी मापाच्या सांगाड्यावर घट्ट बांधून. सस्पेन्शन ज्या बिंदूंवर टेकतं त्यातला एक जरी सरकला, तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कितीही वेळा करा, गाडी एका बाजूला ओढतच राहणार. स्पोर्ट्‌स कार घ्यायची ती वळणांसाठी. तिथेच ती दगा देईल.

स्पोर्ट्‌स गाड्यांची आणखी एक खोड असते. १९९६ साली आलेल्या लोटस एलिसची चासी, म्हणजे मूळ सांगाडा, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदाने चिकटवून केलेली आहे. वाकली तर डेंटिंगवाल्याचा हातोडा तिथे काही कामाचा नाही. मॅक्लारेन एफ१ सारख्या कार्बन फायबरच्या गाडीत तर वाकणं हा प्रकारच नाही. ती तडकते, आणि तडा आतल्या थरांत असू शकतो, वरचा रंग शाबूत. ‘पुढून लागलंय, म्हणजे इंजिनाला लागलं’ हा हिशेबही इथे चालत नाही. पोर्शे ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. तिला मागून बसलेला धक्का वेगळ्या नजरेने बघावा लागतो.

‘टोटल लॉस’ या शब्दाने गोंधळ आणखी वाढतो. विमा कंपनीचं ते गणित असतं: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही, एवढंच. चासीबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. जुन्या गाडीत एअरबॅग फुटल्या की त्या, त्यांचा कंट्रोलर, ताणून लॉक झालेले सीटबेल्ट आणि फाटलेला डॅशबोर्ड यांतच हिशेब संपू शकतो, हाडं सरळ असूनही. चेंगरलेली गाडी घेतानाही हे बिल आधी काढा. आणि रेडिएटर फुटल्यावर ती कोणी चालवत नेली होती का, हे विचारा. तशी नेली असेल तर इंजिन तापून गेलेलं असू शकतं, आणि ‘पहिली उचलीन’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. कागदावरचा शिक्का मात्र दोघींच्या कपाळी राहतो. पुढे विकताना भाव पडणारच.

ओळखायचं कसं? गाडी लिफ्टवर घ्या. खाली दोन्ही बाजूंना सारखी असलेली भोकं शोधा आणि टेपने दोन्ही कर्ण मोजा. ते जुळले पाहिजेत. मग स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्हीकडच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर घ्या. (रेनो ५ सारख्या काही जुन्या गाड्यांत ते कारखान्यातूनच डावं-उजवं वेगळं यायचं, त्यामुळे आधी गाडीची मूळ मापं मिळवा.) मडगार्डच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तो कधीतरी उघडलाय. पत्र्याच्या जोडांवरचं सीलर (फटी बुजवणारा लेप) एका बाजूला यंत्राने ओढल्यासारखं सरळ आणि दुसरीकडे बोटाने फासल्यासारखं दिसलं, तर तिथे थांबा.

मी एकदा अशीच एक ‘किरकोळ लागलेली’ गाडी बघायला गेलो होतो. दाराच्या मागच्या फटीत खाली करंगळी सहज जात होती, वर नखही शिरेना. दारामागचा खांब, म्हणजे पिलर, जिथे छताला मिळतो तिथे रंगाखाली बारीक लहर होती, थांबलेल्या पाण्यावर फुंकर मारावी तशी. विकणारा म्हणाला, ‘‘साहेब, तो उजेडाचा खेळ आहे.’’ मी बॅटरी इकडून तिकडे फिरवली. लहर होती तिथेच राहिली.