गाजावाजा न करता दारू सोडताना

दारू सोडायची आहे, पण कुणाला कळायला नको, असं वाटण्यात काही गैर नाही. कळलं की कुणी पाळत ठेवतं, कुणी चेष्टा करतं, तर कुणी भेटेल तेव्हा ‘किती दिवस झाले?’ म्हणून विचारतं. मनाशी ठरवून गुपचूप सोडणारे थोडेथोडकेही नाहीत. अमेरिकेत २००१-०२ मध्ये झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, पूर्वी दारूचं अवलंबित्व जडलेल्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याने कधीतरी उपचार घेतले होते. तरीही त्या सगळ्यांपैकी तीन चतुर्थांश लोक पाहणीच्या वर्षात अवलंबित राहिलेले नव्हते.

मात्र हे गुपित कुणाकुणापासून ठेवता येईल हे शरीर ठरवतं. काहींना ते सगळ्या जगापासून ठेवता येतं. काहींना निदान एका डॉक्टरला तरी सांगावंच लागतं. आपण कोणत्या गटात आहोत हे शेवटचा घोट घेण्याआधी कळलेलं बरं.

म्हणून आधी मोजा, सोडायचं नंतर. ‘दोन-तीन पेग’ या मापाला अर्थ नाही, कारण घरी ओतलेला पेग ६० मिलिलिटरचा आहे की ९०चा, हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोजमापाचं भांडं घ्या आणि एक आठवडा ग्रॅममध्ये हिशेब ठेवा. मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणायचं, १००ने भागायचं आणि ०.७९ने गुणायचं. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा पेग म्हणजे सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या बिअरचा ३३० मिलिलिटरचा कॅन म्हणजे जवळजवळ २१ ग्रॅम, म्हणजे पेगपेक्षा जास्तच. ‘मी तर फक्त बिअर पितो’ म्हणणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रोज १५ युनिटपेक्षा जास्त, म्हणजे १२० ग्रॅमच्या वर पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीखाली सोडण्यासाठी आधी तपासून घ्यावं. ४० टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीतली रोज अर्धी संपत असेल, तर तुम्ही त्या रेषेवर उभे आहात.

या रेषेमागचं कारण मेंदूत आहे. अल्कोहोल मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवतं आणि मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटचं काम दाबतं. रोजच भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूत त्यावर उलट जुळवाजुळव होते: गाबाचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या जागा, मंदावतात, ग्लुटामेटचे वाढतात. दारू आणि मेंदू यांची ही रस्सीखेच समतोल असते, तोवर माणूस वरवर ठीक दिसतो. दारूने एकाएकी दोर सोडला की मेंदू आपल्याच ओढीने मागे कोसळतो. त्यातून येणारा त्रास इच्छाशक्तीने रोखता येत नाही.

हा त्रास साधारण ठरलेल्या क्रमाने येतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, धडधडतं, मळमळतं, जीव घाबरा होतो. १२ ते २४ तासांत काहींना नसलेलं दिसू किंवा ऐकू येतं. आकडी बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि आधी कधीच आकडी न आलेल्यालाही ती येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या टप्प्यात डिलिरियम ट्रेमेन्सचा धोका असतो: पराकोटीचा गोंधळ, ताप, भास, चढता रक्तदाब. तो थोड्यांनाच होतो, पण उपचारांविना जीव घेऊ शकतो. वाईट म्हणजे, सोडणं आणि पुन्हा सुरू करणं जितक्या वेळा होतं, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जातो. मागच्या वेळी नुसती थरथर झाली, म्हणून यंदाही तेवढ्यावरच भागेल असं धरून चालू नका.

तेव्हा गुप्ततेची मर्यादा अशी: सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि प्यायल्यावर थांबतात, पूर्वी दारू थांबवताना आकडी किंवा भास झाले होते, अपस्मार आहे, यकृत किंवा हृदयाचा आजार आहे, गरोदरपण आहे, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या नेहमी घेता, किंवा माप १२० ग्रॅमच्या वर जातं, यातलं एकही लागू असेल तर एका डॉक्टरला सांगा. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा डॉक्टरांच्या व्यवसायाचाच नियम आहे. घरच्यांना सांगावं लागेल या भीतीने डॉक्टर टाळू नका. हा त्रास आवरण्यासाठी ते डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या शामक गोळ्या मोजक्या दिवसांसाठी, उतरत्या मात्रेत देतात. या गोळ्या ओळखीच्या कुणाकडून आणून स्वतःच घेऊ नका, कारण त्यांच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावून थांबू शकतो.

बाकीच्यांनी, रोजची सवय असेल तर, माप उतरवत न्यावं. सुरुवातीच्या मापाचा दहावा भाग दर चार दिवसांनी कमी करायचा. रोजचे ८० ग्रॅम असतील तर ७२, मग ६४, असं करत ४० दिवसांत शून्य. उतरताना थरथर किंवा घाम जाणवला तर आधीच्या मापावर परत या, आठवडाभर तिथेच थांबा आणि मग दर आठवड्याला तेवढंच कमी करा. माप उतरवणं फसतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: एक, पेग डोळ्यांच्या अंदाजाने ओतला जातो, दोन, पूर्ण बाटली हाताशी असते. दिवसाचं माप सकाळीच छोट्या बाटलीत वेगळं काढून ठेवलं तर दोन्ही अडचणी सुटतात. फक्त शनिवार-रविवारी थोडी घेणाऱ्याला या उतरणीची गरज नाही, त्याने सरळ थांबावं.

या दिवसांत दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यात त्याचा साठा आटलेला असतो. तो फारच कमी झाला तर गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड आणि तोल जाणं अशी वेर्निके एन्सेफॅलोपथी होते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. डॉक्टर साधारणपणे रोज १०० ते ३०० मिलिग्रॅम देतात, आणि अशक्त किंवा कुपोषित रुग्णाला इंजेक्शन, कारण त्याच्या आतड्यातून गोळी पुरेशी शोषली जात नाही. दुसरी चूक पॅरासिटामॉलची. सततच्या दारूमुळे यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम वाढलेलं असतं. ते पॅरासिटामॉलचा काही भाग विषारी पदार्थात बदलतं, आणि दारू थांबल्यावरही काही दिवस वाढलेलंच राहतं. डोकं दुखतं म्हणून मुठीने गोळ्या घेण्याचे हे दिवस नव्हेत. दिवसाला २ ग्रॅमची मर्यादा पाळा.

गुपित पाळणाऱ्यासाठी आणखी एक सोय आहे. बहुतेक स्मार्टफोनमध्ये कुलूप न उघडता दिसणारी आपत्कालीन वैद्यकीय माहिती लिहिता येते. तिथे ‘दारू थांबवली’ एवढं, तारखेसह आणि वेळेसह, लिहून ठेवा. आकडी आली तर बाजूचा माणूस काहीच सांगू शकणार नाही, पण रुग्णवाहिकेतल्या लोकांना ही ओळ वाचता येईल. आकडी, भास, ताप, न थांबणारी उलटी किंवा गोंधळ सुरू झाला, तर गुपित तिथेच सोडून सरळ रुग्णालय गाठायचं.

आता न सांगण्याविषयी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपल्याला कोण व्हायचं आहे याविषयीच्या ज्यांच्या इराद्यांची दुसऱ्याने दखल घेतली, त्यांनी त्या दिशेने कमी कष्ट घेतले. जाहीर केल्यानेच काहीतरी साधल्याचं समाधान मिळतं. हे प्रयोग दारूवर झालेले नव्हते, तरी ‘जाहीर केलंत तरच सुटेल’ हा हट्ट धरायला कारण उरत नाही. दुसरी बाजूही आहे. गुपितांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन यांच्या संशोधनात दिसलं की गुपिताचा भार लोकांसमोर लपवण्याच्या क्षणी फारसा नसतो. एकटं असताना मन पुन्हापुन्हा तिकडे जातं, त्याचा असतो. म्हणून सगळं डोक्यातच साठवू नका, वहीत लिहा. वही दाखवायची नसली तरी मन मोकळं होतं.

चारचौघांत काय करायचं ते आधी ठरवा, तेही ‘असं झालं तर मी असं करीन’ या साच्यात. ‘कुणी ग्लास पुढे केला तर मी लगेच सोडा मागेन’ असं नेमकं ठरवलेलं ऐनवेळी आठवतं. नुसतं ‘आज घ्यायची नाही’ हे विसरायला होतं. पोहोचल्यापोहोचल्या स्वतः जाऊन सोडा-लिंबू त्याच ग्लासात घ्या; हात रिकामा दिसला नाही की कुणी विचारत नाही. ग्लास अर्धा भरलेलाच ठेवा. विचारलंच तर ‘आज नको, सकाळी लवकर गाडी चालवायची आहे’ एवढं पुरे. आजाराचं कारण देऊ नका, त्यावर दहा प्रश्न येतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तब्येत विचारली जाते. कारण जितकं लांब, तितकं ते सांभाळणं अवघड. बिनअल्कोहोल बिअर लपवायला सोयीची वाटते, पण काहींत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, आणि तिचा वास व चव अनेकांची तलफ जागी करते. पहिले काही महिने तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

तलफ सहसा अर्ध्या तासाच्या आत चढून ओसरते. तिच्याशी भांडू नका, घड्याळ बघा आणि जागा बदला. बसल्या जागी ‘नको, नको’ म्हणत राहिलं की तेच डोक्यात घोळतं. भूक, थकवा, राग आणि एकटेपण यांत ती जोर धरते, म्हणून संध्याकाळच्या नेहमीच्या वेळेआधी पोटभर खाऊन घ्या. झोप काही आठवडे बिघडते. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते, आणि थांबल्यावर ती उसळून येते; लख्ख, भीतिदायक स्वप्नं पडतात. ‘झोपेपुरती एकच’ म्हणून परतणारे पुष्कळ असतात, आणि त्या एकानेच हे चक्र पुन्हा सुरू होतं.

तलफ कमी करणारी औषधं आहेत, आणि तीही खासगीत घेता येतात. नॅलट्रेक्सोन रोज ५० मिलिग्रॅम घेतलं की दारूतून मिळणारं सुख फिकं पडतं. मात्र अफूवर्गीय वेदनाशामकं घेणाऱ्याला ते चालत नाही. अ‍ॅकॅम्प्रोसेट ६६६ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तेही मूत्रपिंड तपासून. डायसल्फिराम मात्र वेगळं आहे. त्यावर दारू घेतली की शरीरात तिच्यापासून बनणारं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हा परिणाम शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. म्हणून कुणाच्याही जेवणात ते चोरून मिसळू नये. स्वतःच्या दारूबद्दल गप्प राहण्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या शरीरात त्याला न सांगता औषध घालण्याचा हक्क कुणालाच नाही.

शाबासकी द्यायला कुणी नसलं तरी रक्ततपासणी आहे. सोडण्याआधी जीजीटी, एएसटी, एएलटी ही यकृताची एन्झाइमं आणि रक्तपेशींचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, तपासून घ्या. जीजीटी साधारण दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं, एमसीव्हीला दोन ते चार महिने लागतात. नुसतं मेदयुक्त यकृत असेल तर ते बहुधा काही आठवड्यांत सुधारतं. आणि महिनाभरानंतर कधी घसरलात, तर जुनं माप ओतू नका: तोवर सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वी पचणारी तेवढीच दारू आता बेशुद्ध करू शकते.