गारुड (बेळगाव सीमाभाग)

हातचलाखी, साधनांची रचना आणि बतावणी यांच्या मेळातून अशक्य ते घडल्याचा भास उभा करणारी रंजनकला. आजचे रूढ नाव ‘जादूचे प्रयोग’. करणी, भानामती यांच्याशी तिची गल्लत होते. ती टाळली पाहिजे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या द्वैभाषिक पट्ट्यात ‘गारुडी’ हा शब्द मराठी आणि कन्नड दोन्हींत आढळतो. मूळ संस्कृत ‘गारुडिक’, म्हणजे गरुडमंत्राने सर्पविष उतरवणारा. मराठीतून तो कन्नडमध्ये गेला की उलट, यापेक्षा दोन्ही भाषांनी तो संस्कृतातून स्वतंत्रपणे घेतला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एकनाथांच्या भारुडांत (१६ वे शतक) गारुडी येतो. ‘नजरबंदी’ला कन्नडमध्ये ‘कण्कट्टु’ म्हणतात : कण् म्हणजे डोळा, कट्टु म्हणजे बांधणे. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी एकच कल्पना धरली, हे लक्षणीय आहे.

कलेच्या प्राचीनतेबद्दल शंका नाही. कामसूत्रातील ६४ कलांत इंद्रजाल आणि हस्तलाघव यांची वेगवेगळी गणना आहे. वाद आहे तो दोरीच्या खेळाचा, म्हणजे हवेत ताठ उभ्या राहिलेल्या दोरीवरून माणूस वर चढून दिसेनासा होतो त्या खेळाचा. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात (१.१.१७) ढाल-तलवार घेऊन सुतावरून आकाशात चढणारा मायावी आणि जमिनीवरच उभा असलेला खरा मायावी, असा दृष्टांत येतो. त्यावरून हा खेळ साधारणतः आठव्या शतकात माहीत असावा, असे काही मानतात. दुसऱ्या मतानुसार आजची प्रसिद्ध कथा १८९० साली शिकागोच्या एका वृत्तपत्राने छापलेल्या बनावट वृत्तांतातून पसरली. तो वृत्तांत बनावट असल्याचा खुलासा त्याच पत्राने पुढे केला. दृष्टांत हा प्रयोगाचा पुरावा नव्हे, म्हणून आधुनिक कथेपुरते दुसरे मत ग्राह्य दिसते. मात्र खरा मायावी जमिनीवरच असतो ही जाण भाष्यकाळाइतकी जुनी आहे, आणि या कलेचे मर्म तेच आहे.

वाट्या-गोळ्यांच्या खेळात प्रेक्षकाला तीन गोळ्या दिसतात. चौथी बोटांच्या बेचक्यात असते. ती लपवण्याहून तो हात सैल, रिकामा दिसू देणे कठीण, आणि खरा सराव लागतो तो याचाच. कोय पेरून, वर फडके टाकून आंब्याचे रोप काढताना तयार रोपे आधीच दडवलेली असतात. मधल्या वेळात दुसरे खेळ होतात ते वेळ भरण्यासाठी नव्हे : फडके किती वेळा उचलले, हे प्रेक्षकाने विसरावे म्हणून. बतावणीचेही काम हेच. डोळे वर उठवणारा शब्द हाताच्या हालचालीशी नेमका जुळावा लागतो. मराठी-कन्नड मिश्र गर्दीत तो दोन्ही भाषांत उच्चारावा लागला, तर हालचालीची लयही त्यानुसार बदलावी लागते. या अंगाचा अभ्यास व्हायला हवा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पोतडीतला नाग गेला. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये, तर कर्नाटकात २०१७ मध्ये झाला; दोन्हींचा रोख अघोरी प्रथा व फसवणूक यांवर आहे, रंजनासाठीच्या खेळांवर नाही.