सोन्याची शीर वितळलेल्या सोन्यातून बनत नाही

गारगोटीतली सोन्याची रेघ पाहून अनेकांना वाटतं, वितळलेलं सोनं भेगेत शिरलं आणि थिजलं. तसं नाही. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला. या शिरा बहुधा २०० ते ४०० अंशांत घडल्या. सोनं वाहून आणलं ते गरम पाण्यानं. पाण्यातल्या गंधकाशी बांधलं जाऊन ते विरघळतं. भेग फुटून दाब एकदम उतरला, पाणी उकळलं किंवा आजूबाजूच्या खडकातल्या लोहानं गंधक ओढून घेतलं, की सोनं बाहेर पडतं. पुरावा? त्याच गारगोटीत कोंडलेले त्या पाण्याचे सूक्ष्म थेंब! खनिजांतले असे थेंब ब्रिटिश भूशास्त्रज्ञ हेन्री सॉर्बी यांनी १८५८ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासले होते. मला तरी भूशास्त्रातली ही सर्वांत सुंदर साक्ष वाटते. पुढे १९७९ मध्ये प्रशांत महासागराच्या तळाशी सुमारे ३५० अंशांचं पाणी धातूंची सल्फाइडं, म्हणजे गंधकाबरोबरची संयुगं, ओकताना प्रत्यक्ष दिसलं.