पिवळेपणा काढणं वेगळं, दात उजळणं वेगळं

लग्नसराईत लातूर-परभणीकडच्या कुठल्याही स्टुडिओत अल्बमचं काम निघालं की गिऱ्हाइकाची एक सूचना ठरलेली: “दादा, दात जरा पांढरे करा बरं.” या वाक्यात दोन कामं आहेत. दातांमधला पिवळा कमी करणं हे एक, त्यांच्यावरचा उजेड वाढवणं हे दुसरं. एकाच्या जागी दुसरं केलं की नवरदेवाला नवी कवळी बसवल्यासारखं दिसतं.

आधी पिवळा. फोटोशॉपमध्ये ह्यू/सॅच्युरेशनचा लेयर (फोटोवर ठेवलेला बदलाचा थर) घ्या, यादीतून ‘मास्टर’ऐवजी, म्हणजे सगळ्या रंगांऐवजी, ‘येलोज’ निवडा आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, खाली आणा. मास्टरवर ओढलं आणि मास्क (बदल फोटोत कुठं लागू व्हावा ते ठरवणारा भाग) थोडा जरी सांडला, तर हिरड्या-ओठांचा लालपणाही उडतो. त्वचेतही पिवळा असतोच, त्यामुळे येलोज निवडलं तरी मास्क दातांपुरताच हवा आणि त्याच्या कडा मऊ हव्यात.

खरी गंमत स्लायडर -१०० पर्यंत नेल्यावर कळते. समजा दाताचा रंग आरजीबीत (लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ आकड्यांत) २२०, २००, १५० आहे. रंग पूर्ण काढताना हे टूल सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याच्या मधोमध थांबतं, म्हणजे साधारण १८५ वर. डोळ्याला मात्र मूळ रंगाचा उजळपणा २०० च्या आसपास जाणवत होता. पिवळा गेला, पण दात आधीपेक्षा काळवंडले! “अजून पांढरे दिसत नाहीत” म्हणून स्लायडर ओढत राहणाऱ्याचे दात राखाडी होतात ते यामुळेच. पिवळा अर्ध्याच्या आसपास कमी करून थांबावं, असं माझं मत.

उरलेलं काम उजेडाचं. कर्व्ह्जचा (उजेड-अंधार कमीजास्त करणारा) लेयर घेऊन त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत, ‘ल्युमिनॉसिटी’ ठेवला की रंग जागचा हलत नाही, नुसता उजेड वाढतो. पण पिवळा न काढता थेट इथं आलात, तर तोच पिवळा आणखी डोळ्यात भरतो. अती वाढवलात, तर दोन दातांमधल्या रेषा आणि ओठाखालची सावली पुसली जाते, आणि अल्बमच्या कागदावर तिथं कोरी पट्टी उमटते. सुळे समोरच्या दातांपेक्षा मुळातच थोडे गडद असतात. त्यांना तसंच राहू द्यावं. दंतवैद्य ज्या व्हिटा क्लासिकल पट्टीवर दाताची छटा जुळवतात, तिच्यातल्या १६ छटांमध्येही कागदासारखी पांढरी एकही नाही. सोपी खूण डोळ्यांची: बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यापेक्षा दात उजळ दिसू लागले की मागं फिरा.

हळदीचे फोटो असतील तर दातांना हात लावण्याआधी मामाची टोपी बघा. टोपीही पिवळी दिसत असेल तर दोष दातांचा नाही, पिवळ्या मंडपातून आलेल्या उजेडाचा आहे. मग आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे सगळ्या फोटोवरची उजेडाची रंगछटा सुधारणं, नंतर दात. तिथंही थोडी ऊब राहू द्यावी; हळदीनं माखलेल्या चेहऱ्यावर थंड पांढरे दात निळसर भासतात.

डागांचं प्रकरण या दोन्हीत बसत नाही. नांदेडकडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यालेल्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी ठिपके असतात. पांढऱ्या ठिपक्यांवर येलोज स्लायडरचं काही चालत नाही, आणि उजेड वाढवला तर ते अधिकच उठून दिसतात. तिथं हीलिंग ब्रश (आजूबाजूच्या भागाने डाग झाकणारं टूल) लागतो, पण तो उचलण्याआधी त्या माणसाला विचारावं. अनेकांना ती आपल्या चेहऱ्याची ओळख वाटते. राज्यात २०१२ पासून बंदी असलेल्या गुटख्याचे डाग मात्र न विचारता फिकट केले, तरी अजून कुणी तक्रार घेऊन आलेलं नाही.