भूत जोलोकिया गोव्याच्या परसात

तिखट ही चव नाहीच, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या चेतातंतूंमधल्या टीआरपीव्ही1 नावाच्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला, चिकटतं. हा ग्राहक एरवी साधारण 43 अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो आणि भाजल्याची वर्दी मेंदूला देतो. कॅप्सायसिन आलं की तो शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच उघडतो. 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो शोधला आणि 2021 च्या नोबेलमागे हेच काम होतं. जीभ प्रत्यक्षात भाजलेली नसते, तरी मेंदू घाम काढतो, नाक वाहू लागतं, वेदना शमवणारी एंडॉर्फिनं सुटतात. आपल्याला काही होणार नाही हे ठाऊक असताना अंगावर येणारी ही लाट अनेकांना पुन्हा पुन्हा हवीशी वाटते.

मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली, पण इथल्या खोला नि हरमल या गावांच्या मिरचीचं नाव आहे ते रंगासाठी आणि स्वादासाठी. जहाल तिखट हवं तर ईशान्य भारतातली भूत जोलोकिया लावावी. 2007 साली गिनीजने तिला सर्वात तिखट ठरवलं तेव्हा तिचा आकडा 10 लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजण्याचं एकक) वर होता. आज पहिला मान पेपर एक्सचा, सुमारे 27 लाख.

गोव्यात हिचा खरा शत्रू पाऊस. म्हणून बी ऑगस्टच्या मध्यावर, छपराखाली, ट्रेमध्ये पेरावं. रात्रभर भिजवून अर्धा सेंटिमीटर खोल टाकावं. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमका इथेच धीर सुटतो आणि पाणी जास्त पडतं. मग बुरशी धरते, कोवळं खोड मातीलगत कुजतं आणि रोपं कोलमडतात. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नको.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात रोप 12 इंची कुंडीत हलवा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, म्हणून शेतीचा चुना चमचाभर आधीच मिसळून ठेवा. युरियाचा मोह टाळा, नाहीतर झाड पानांनी भरतं आणि फूल धरत नाही. पानांच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी ही बारीक कीड. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हाळ्यात पारा 35 च्या पुढे गेला की फुलं गळतात, तेव्हा पिकलेली फळं त्याआधीच हाती यायला हवीत.

फळ उभं चिरून उजेडात धरा. साध्या मिरचीत तिखटपणा बियांत नसून बिया धरणाऱ्या पांढऱ्या पडद्यात असतो. भूत जोलोकियाच्या मात्र सालीच्या आतल्या बाजूवरही पिवळसर तेलकट थेंब चमकतात. त्यामुळे पडदा काढून हिचा जहालपणा फारसा कमी होत नाही. चिरताना हातमोजे हवेतच. कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून हाताला लागलं तर आधी खोबरेल चोळा, मग साबण लावा. तोंड पेटलं तर पाणी नव्हे, गार दूध किंवा दही घ्या, कारण दुधातलं केसिन कॅप्सायसिनला बांधून ठेवतं.

चार माणसांच्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, अख्खं फळ न चिरता, देठासकट सोडा. पाच मिनिटांनी चव घ्या आणि पुरेसं वाटलं की देठाला धरून लगेच काढा. फळ आत फुटलं तर कढईभर हुमण हाताबाहेर जातं.