परदेशासाठी अपोस्टिल: एजंटाला फोन करण्याआधी वाचा

परदेशातल्या विद्यापीठाचे किंवा कंपनीचे पत्र येते, त्यात एक ओळ असते: 'कागदपत्रे अपोस्टिल करून आणा', नाहीतर 'अटेस्टेड हवीत'. दोन्हींचा अर्थ एकच: कागदावरची सही-शिक्का खरा आहे, असे सरकारकडून प्रमाणित करून घ्या. बहुतेक जण तिथूनच एजंट शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे कागद नेमका कोणत्या देशात आणि कोणत्या कार्यालयात दाखवायचा आहे. पुढचे शिक्के, त्यांचा क्रम आणि खर्च हे सगळे त्यावर ठरते.

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात, म्हणजे एकमेकांचे सरकारी कागद दूतावासाच्या शिक्क्याविना मान्य करण्याच्या करारात, जे देश आहेत त्यांच्यासाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान आणि युरोपातले बहुतेक देश यात येतात. काही देश अलीकडे आले: सिंगापूर सप्टेंबर २०२१ मध्ये, सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून. त्यामुळे 'माझ्या चुलतभावाने पाच वर्षांपूर्वी दूतावासाचा शिक्का घेतला होता' हा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी आज लागू असेलच असे नाही.

आखातात तर शेजारशेजारच्या देशांचे नियम वेगळे. ओमान, बहारीन आणि सौदीला अपोस्टिल चालते. दुबई-अबूधाबी, कतार आणि कुवेतसाठी मात्र जुनीच वाट आहे: राज्याचा शिक्का, त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे साधे अटेस्टेशन, मग त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा शिक्का, आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. यात सर्वांत महाग भाग दूतावासाच्या शुल्काचा असतो, सरकारी शुल्काचा नाही.

जर्मनीचे प्रकरण आणखी वेगळे आहे, आणि पुण्यातून जर्मनीला जाणाऱ्यांची गर्दी पाहता ते नीट समजून घ्यायला हवे. जर्मनी करारात आहे, भारतही आहे. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली असल्याने या दोन देशांमध्ये अपोस्टिल लागूच होत नाही. जन्म-विवाहाच्या दाखल्यांची तिथल्या कार्यालयाला शंका असेल तर ते जर्मन दूतावासामार्फत मूळ नोंदीची पडताळणी करून घेते. विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस या जर्मन शैक्षणिक तपासणी केंद्राचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे गुणपत्रिका आणि पदवीची स्वतंत्र तपासणी. तरीही 'जर्मनीसाठी सगळे अपोस्टिल करून घ्या' म्हणणारे एजंट भेटतात. तिथल्या कार्यालयाने लेखी मागितले नसेल तर तो खर्च वाया जातो.

आता हे अपोस्टिल प्रत्यक्षात काय असते ते पाहू. कागदाच्या मागच्या बाजूला लावलेला एक चौकोनी स्टिकर, त्यावर फ्रेंच मथळा आणि दहा क्रमांकित नोंदी: देश, सही कोणाची, कोणत्या पदावरून, शिक्का कोणाचा, स्टिकर कुठे-कधी दिला, क्रमांक वगैरे. दाखल्यातला मजकूर खरा आहे असे तो स्टिकर कुठेही म्हणत नाही. शेवटची सही करणारा अधिकारी खरा, एवढेच तो सांगतो. तो अधिकारी त्याच्या आधीच्या सहीबद्दल तेवढेच सांगतो. म्हणून काम अडते ते बहुतेक वेळा दिल्लीत नव्हे, तर पहिल्या सहीपाशी: नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत, शाळेत.

परराष्ट्र मंत्रालयाचा नियम सरळ आहे. जन्म, मृत्यू, विवाहाचे दाखले, प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र हे वैयक्तिक कागद आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून प्रमाणित हवेत. शैक्षणिक कागद ज्या राज्यातून मिळाले त्या राज्याच्या शिक्षण विभागाकडून. व्यापारी कागद चेंबर ऑफ कॉमर्सकडून. 'ज्या राज्यातून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. राहायला ठाण्यात असाल पण पदवी बेळगावच्या विद्यापीठाची असेल तर तिला कर्नाटकाचाच शिक्का लागतो.

वैयक्तिक कागदांत जन्मदाखला सर्वांत त्रास देतो. १९९० च्या आधी जन्मलेल्यांकडे बरेचदा हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला, शाई उडालेला कागद असतो. कधी त्यावर बाळाचे नावच नसते, नुसते 'पुरुष' किंवा 'स्त्री' आणि वडिलांचे नाव. तो पुढे पाठवू नका. त्याच निबंधकाकडून मराठी-इंग्रजी असा नवा संगणकीय दाखला काढा. नाव नसेल तर ते आधी नोंदवून घ्या. नोंदच सापडली नाही तर मामला लांबतो: एक वर्षापेक्षा उशिराची नोंद २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच होते. व्हिसाची तारीख हातात घेऊन हे काम सुरू करू नये.

विवाहाच्या बाबतीत देवळाची पावती किंवा मंगल कार्यालयाचे पत्र चालत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालचे निबंधकाचे प्रमाणपत्र लागते. गोव्यात नागरी नोंदणीची जुनी परंपरा असल्यामुळे विवाह आणि जन्माच्या नोंदी सहसा जागेवर असतात. पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी धडपडणाऱ्या गोवेकरांचे काम त्या नोंदींच्या नकला आणि त्यांवरचे अपोस्टिल यांवरच चालते.

पोलीस क्लिअरन्सबद्दल थोडक्यात: परदेशासाठी पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्सचा दाखला काढा, शुल्क ५०० रुपये. तो परराष्ट्र मंत्रालयाच्याच कार्यालयाने दिलेला असल्यामुळे राज्याचा शिक्का लागत नाही, थेट अपोस्टिलला जातो. पोलीस ठाण्याचा चारित्र्य दाखला ही वेगळी गोष्ट आहे आणि ती नोकरीच्या स्थानिक कामासाठीच ठेवलेली बरी.

शैक्षणिक कागदांसाठी आधी विद्यापीठाकडून किंवा बोर्डाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. दहावी-बारावीसाठी राज्य मंडळाच्या नऊ विभागांपैकी तुमचे प्रमाणपत्र ज्याचे आहे तो विभाग. मग राज्याच्या शिक्षण विभागाचा शिक्का, ज्याला बाजारात अजून 'एचआरडी' म्हणतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही असते. ती वर कोणी ओळखत नाही, म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. एजंट कधी कधी 'एचआरडी नको, नोटरी आणि दिल्लीच्या एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या) शिक्क्यावर करून देतो' असे सुचवतात. ते लवकर होते आणि काही देशांना चालतेही. पण काही दूतावास पदवीवर शिक्षण विभागाचाच शिक्का मागतात. विचारून मगच हो म्हणा. सीबीएसईसारख्या संस्थांचे कागद ई-सनद पोर्टलवरून ऑनलाइन तपासून घेण्याची सोय आहे. तुमची संस्था त्या यादीत असेल तर हेलपाटे वाचतात.

आता नावांचे. मराठी माणसाची निम्मी अडचण इथे असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. जन्मदाखल्यात वडिलांचे नाव 'पांडुरंग', गुणपत्रिकेत 'पांडूरंग'. लग्नानंतर बायकोचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले, आणि कुठे कुठे सासरी ठेवलेले पहिले नावही. परदेशातल्या कारकुनाला ही तीन वेगवेगळी माणसे वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. स्पेलिंगचा किरकोळ फरक किंवा नावांचा क्रम यासाठी 'एकच व्यक्ती' असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. तेही राज्याच्या शिक्क्यातून आणि अपोस्टिलमधून जाऊ द्या, नुसती नोटरी ठेवू नका. पहिले नाव किंवा आडनाव खरोखर बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी, म्हणजे आपण म्हणतो ते गॅझेट, हाच टिकणारा पुरावा. विवाहाच्या दाखल्यावर लग्नाआधीचे पूर्ण नाव आहे ना, हे नोंदणीच्या दिवशीच वाचून घ्या.

राज्याचा शिक्का झाला की दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाची पायरी. २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, अधिकृत सेवा संस्थांमार्फत घेते. २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरही होते. मुंबई आणि पणजी त्यात आहेत. सोबत मूळ कागद, त्याची छायाप्रत आणि पासपोर्टची प्रत लागते. अपोस्टिलचे सरकारी शुल्क दर कागदाला ५० रुपये, साधे अटेस्टेशन विनाशुल्क. सेवा संस्थेचे आणि स्कॅनिंगचे पैसे वेगळे. कोणी एका पदवीमागे काही हजार मागत असेल तर ते त्याच्या धावपळीचे पैसे आहेत. द्यायला हरकत नाही, पण पावतीत सरकारी शुल्क किती ते वेगळे लिहून मागा.

लॅमिनेशन केलेला कागद परत येतो, कारण शिक्का आणि स्टिकर मूळ कागदावर लागावे लागतात. आईने मायेने लॅमिनेट करून ठेवलेली गुणपत्रिका असेल तर बोर्डाकडून दुय्यम प्रत काढण्याचा वेळ धरा. भाषांतराची घाईही करू नका. इटली, स्पेनसारख्या देशांसाठी आधी अपोस्टिल आणि मग भाषांतर, कारण स्टिकरवरचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो. स्टिकरची मुदत संपत नाही, पण काही कार्यालये जन्म-विवाहाचा दाखलाच अलीकडे काढलेला मागतात. म्हणून घरात सापडलेली जुनी प्रत अपोस्टिल करून ठेवण्याचा उत्साह आवरा.

उलट दिशेने येणाऱ्या कागदालाही हेच लागू. अमेरिकेतला भाऊ गावच्या जमिनीसाठी मुखत्यारपत्र पाठवत असेल तर तिथल्या नोटरीसमोर सही, मग त्याच्या राज्याचे अपोस्टिल किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचे असते, म्हणून कुरिअरचे पाकीट तारखेसह जपून ठेवा.