एदेनमधली दोन झाडे : ख्रिस्ती चिंतनाची पार्श्वभूमी

बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी आदाम आणि हव्वा एदेन बागेबाहेर पडतात. बागेच्या पूर्वेला करूब (देवाचे पंखधारी रक्षक) आणि गरगर फिरणारी ज्वालारूप तलवार ठेवली जाते, ती जीवनाच्या झाडाकडे जाणारी वाट राखण्यासाठी. ज्या झाडाचे फळ खाल्ले गेले, त्या बऱ्यावाइटाच्या ज्ञानाच्या झाडाचे नाव तिथे निघतही नाही. एदेनचा ख्रिस्ती अर्थ शतकानुशतके कसा घडत गेला हे समजून घ्यायचे तर ही दोन झाडे वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. लोकांच्या मनात मात्र एकच झाड उरले आहे आणि त्यावर सफरचंद लटकते आहे. मूळ कथेत फळाचे नाव नाही. सर्पालाही तिथे सैतान म्हटलेले नाही. तो सर्व वनपशूंत धूर्त, एवढेच सांगितले आहे.

पुढे इब्री शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, आदामाच्या पतनाचा विषय जवळजवळ येतच नाही. बाग मात्र राहते. संदेष्टा यहेज्केल आपल्या ग्रंथाच्या 28व्या अध्यायात सोर नगराच्या गर्विष्ठ राजाला एदेनमधून खाली पाडलेला दाखवतो आणि 47व्या अध्यायात मंदिरातून निघणारी नदी, तिच्या काठची सदा फळणारी झाडे रंगवतो. सैतानाच्या हेव्यामुळे मृत्यू जगात आला, हा विचार शलमोनाच्या नावावरच्या ज्ञानग्रंथात मिळतो आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 12 मध्ये, ‘जुनाट सर्प’ म्हणजेच दियाबल (सैतान), अशी ओळख पक्की होते.

खरे वळण प्रेषित पौलाने दिले. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर उभे राहतात : एकाच्या आज्ञाभंगाने मरण, एकाच्या आज्ञापालनाने जीवन. तेव्हापासून ख्रिस्ती वाचक ही कथा क्रूसाकडून मागे वळून वाचू लागला. इ. स. 180च्या सुमारास ल्यॉनचा बिशप इरेनियस याने ही जोडी विस्तारली. झाडापाशी घडलेला आज्ञाभंग क्रूसाच्या लाकडावर भरून निघाला आणि हव्वेने घातलेली गाठ मरीयेने सोडवली, असे तो मांडतो. त्याच्या लेखी आदाम-हव्वा अजून लहान, वाढायचे राहिलेले होते. मला हे वाचन फार मोलाचे वाटते, कारण त्यात देवाचा राग पहिला नाही, त्याचा धीर पहिला आहे.

बाग अक्षरशः खरी मानावी का, हा वादही आधुनिक काळाने उकरून काढलेला नाही. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो एदेनच्या चार नद्यांत चार सद्गुण पाहत होता. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिगेनने थेट विचारले की देवाने शेतकऱ्यासारखी झाडे लावली, असे शब्दशः कोण मानील? त्याच शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याला फळझाडांनी भरलेली बाग म्हणजे मंडळी (चर्च) आणि चार नद्या म्हणजे चार शुभवर्तमाने वाटली. पुढे बिशप ऑगस्टीनने या रूपकांना मोकळीक दिली, पण घटनाही खरी मानली पाहिजे अशी अट घातली.

पण सामान्य विश्वासणाऱ्याला एदेन भेटत होते ते उपासनेत. सिरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातली जी घर-मंडळी सापडली, तिच्या बाप्तिस्म्याच्या खोलीत मेंढपाळाच्या चित्राखाली आदाम आणि हव्वा छोट्या आकारात रंगवलेले आहेत. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये बाप्तिस्मा घेणारा पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा धिक्कार करी आणि मग पूर्वेकडे वळे, कारण देवाने बाग पूर्वेला लावली होती. आपण पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतो ते आपला जुना देश शोधत, असे त्याच शतकातला बिशप बासिल लिहितो. सिरियन कवी एफ्रेमने तर सुखलोकावर, म्हणजे एदेनवर, स्तोत्रांची मालिकाच रचली. त्याचा सुखलोक एक पवित्र पर्वत आहे. या सगळ्यांत नजर जीवनाच्या झाडाकडे लागलेली दिसते.

पाश्चात्त्य मंडळीत ती नजर दुसऱ्या, म्हणजे बऱ्यावाइटाच्या ज्ञानाच्या, झाडाकडे वळली. माणूस स्वतःच्या इच्छेने चांगला होऊ शकतो असे मानणाऱ्या पेलागियसशी झालेल्या वादात ऑगस्टीनने आदिपापाचा सिद्धान्त घट्ट केला : आदामाचा दोषच वंशाला लागतो. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मरणाचा वारसा मानला, दोषाच्या वारशावर तितका भर दिला नाही. 1546मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने आदिपापाबद्दलचा निर्णय दिला. प्रोटेस्टंट सुधारणावादीही या मुद्द्यावर ऑगस्टीनच्याच वाटेने गेले. सिद्धान्त उथळ नव्हता. माणूस स्वतःच्या बळावर सुधारत नाही हे कटू सत्य त्याने जपले. तरी रोममधल्या सान क्लेमेंते चर्चच्या बाराव्या शतकातल्या मोझेइकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या जडावचित्रात) क्रूसाच्या पायथ्यापासून वेल साऱ्या घुमटावर पसरते आणि चार प्रवाहांवर हरणे पाणी पितात. तिथे क्रूस हेच जीवनाचे झाड आहे.

अलीकडे चर्चा उत्पत्ती 2:15 कडे वळली आहे. माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करायला. पृथ्वीवर सत्ता चालवण्याची पहिल्या अध्यायातली आज्ञा या वचनाला धरूनच वाचली पाहिजे, असे पोप फ्रान्सिस यांनी 2015च्या पर्यावरणविषयक परिपत्रकात ठामपणे मांडले.